दुखरा हात उघडा

मला सगळे खांब म्हणायचे. उंची सोडली तर माझ्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि बास्केटबॉलमध्ये उंच मुलीला कोणी अक्कल विचारत नाही. रिंगखाली उभी राहा, हात वर कर, पडलेला बॉल उचल आणि गार्डला दे, संपलं काम. पण रिंगखाली उभं राहिलं की समोरून येणाऱ्यांचे चेहरे दिसतात. प्रेक्षकांना पाठी दिसतात, सरांना चुका दिसतात, मला चेहरे दिसायचे. म्हणून हे मी सांगतेय. बाकी कोणी सांगणार नाही, कारण बाकी सगळ्यांच्या मते त्या दिवशी आम्ही जिंकलो.

आमच्या शाळेचं जे काही नाव होतं ते दोन गार्डमुळे. एक भिंगरी आणि दुसरी पाहुणी. भिंगरी बॉल घेऊन यायची. तिच्या आणि बॉलच्या मध्ये कुणाचा हात शिरलेला मी तरी कधी पाहिला नाही. पाहुणी कुठेतरी कोपऱ्यात गुपचूप जाऊन थांबायची, आणि बॉल तिच्या हातात आला असं म्हणेपर्यंत तो सुटलेला असायचा. पास देताना भिंगरी कधी तिच्याकडे बघायची नाही. डोळे एकीकडे, बॉल दुसरीकडे, आणि पाहुणी बरोबर तिथे. समोरच्या टीमचे सर चिडून म्हणायचे, ह्या पोरींना डोक्याच्या मागे डोळे आहेत का?

डोळे कसले, सवय होती ती. दोघी एकाच घरात राहायच्या. भिंगरीच्या वडिलांची लाँड्री होती, दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरींची. शाळेच्या आधी दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालायच्या. दोन टोकं हिच्याकडे, दोन तिच्याकडे. झटकायची, जवळ यायचं, टोकं द्यायची, मागे जायचं. गप्पा चालू, नजर भलतीकडे आणि हात आपले चालू. मी एकदा दारात उभी राहून ते बघितलं आणि मला वाटलं, अरे, हा तर आपला पास आहे.

पाहुणी भिंगरीची आतेबहीण. तिची आई गेल्यावर वडील तिला सुट्टीपुरती मामाकडे ठेवून गेले आणि तिकडे त्यांनी दुसरा संसार मांडला. ती सुट्टी काही संपली नाही. मामा तिला घेऊन शाळेत आले तेव्हा सरांना म्हणाले होते, "ही आमच्याकडे पाहुणी आलीये." सरांनी ते नाव उचललं आणि आम्ही सगळ्यांनी ते तिला चिकटवलं. तिने कधी कुरकुर केली नाही. तिने कशाबद्दलच कधी कुरकुर केली नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिचं तेच डोक्यात जायचं.

मामा वाईट नव्हते, नुसते होते. घर चालायचं मामींच्या शब्दावर. मामी ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. हसून बोलायच्या, आणि त्यांचं हसून बोलणं ऐकलं की ओरडलेलं परवडलं असं वाटायचं. पेपरच्या स्थानिक पानावर एकदा दोघींचा फोटो आला, "यंदाच्या लक्षवेधी गार्ड" म्हणून. मामींनी तो कापून लाँड्रीच्या काउंटरमागे फ्रेम करून लावला. अर्धाच. भिंगरी अख्खी, आणि कडेला पाहुणीचं एक कोपर. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, फ्रेम लहान मिळाली." पाहुणी तिथेच पावत्या लावत होती. तीही हसली.

तर अशी सगळी परिस्थिती, आणि अशात बातमी आली की क्रीडा निवासी शाळेच्या निवडीच्या मॅडम आमची फायनल बघायला येणार आहेत. तिथे राहायचं, तिथेच शिकायचं, तिथेच खेळायचं. बारावीपर्यंत कुणाच्या घरी तोंड दाखवायला नको. जागा होती एक, आणि ती गार्डची.

भिंगरीला ती हवी होती, कुणाला नको असते? पण भिंगरीला नसती मिळाली तर तिने दोन दिवस तोंड फुगवलं असतं, मामींनी तिला नवे बूट घेतले असते, आणि विषय मिटला असता. पाहुणीचा जीव टांगणीला लागला होता. मॅडमनी आमची सेमीफायनल लपून पाहिली होती आणि सरांकडे पाहुणीचीच चौकशी केली होती, हे टीममध्ये सगळ्यांना कळलं होतं. सरांच्या पोटात काही राहत नाही. ते ऐकून पाहुणी मला म्हणाली, "खांब, तिथे म्हणे प्रत्येकीला आपलं कपाट असतं. किल्लीसकट." मी हसले. ती हसत नव्हती.

फायनलच्या आदल्या दिवशी तिचं बोट चेपलं. लाँड्रीच्या गाडीत गठ्ठे चढवताना सरकतं दार बसलं. उजव्या हाताचं मधलं बोट जांभळं पडलं आणि बाजूचंही सुजलं. सकाळी हॉलवर आली तेव्हा तिला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. ती मी बांधली.

"दवाखान्यात गेलीस?"

"मामी म्हणाली, बर्फ लाव. उतरेल."

"आणि कसं झालं हे?"

"माझंच लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

आता सरांची पट्टी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या सरांचा एक नियम होता आणि त्यांना त्याचा भारी अभिमान होता: दुखरा हात उघडा, धड हात बांधायचा. समोरच्या टीमला पट्टी दिसली की ती तिथेच मारायला बघते, म्हणून पट्टी खोट्या जागी बांधायची. माझा उजवा गुडघा दुखत होता तेव्हा सरांनी डाव्याला बांधली होती. समोरच्यांनी सामनाभर डाव्यावर गुडघे मारले, आणि शेवटी मी दोन्ही पायांनी लंगडत बाहेर आले. सर म्हणाले, "बघ, कामी आली की नाही पट्टी?" ही गोष्ट टीमबाहेर बोलायची नाही, अगदी घरीसुद्धा नाही. बोलली ती टीममधून गेली. सरांनी एकीला खरंच काढलं होतं.

त्यांनी पाहुणीचं बोट बघितलं, तोंडाने चक् केलं, आणि तिचा डावा हात मनगटापासून बोटांच्या मुळांपर्यंत पांढऱ्या पट्टीने गुंडाळला. लांबूनसुद्धा दिसेल असा.

"सर, मॅडम आल्यात बघायला," मी म्हटलं. "त्यांना तरी सांगून ठेवा ना."

"म्हणजे हॉलभर दवंडी पिटू? तू रिंगखाली उभी राहा, खांब. डोकं मी चालवतो."

सामना सुरू झाला. त्यांची एक काटक गार्ड होती, पाहुणीला तिनेच धरलं. पट्टी बघून तिने पहिल्याच मिनिटाला डाव्या हातावर फटका हाणला. सरांनी बेंचवरून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बघितलंस? पाहुणीला डाव्याचं काहीच वाटलं नाही. ती धावत कोपऱ्यात गेली, मोकळी झाली, आणि भिंगरीचा पास आला.

मी तो पास येताना पाहिला. भिंगरी तिला नेहमी मऊ बॉल द्यायची, छातीच्या जरा डावीकडे, हातात ठेवल्यासारखा. हा पास सपाट होता आणि जोरात होता, आणि तो उजव्या हाताच्या बोटांवर गेला. पाहुणीचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. बॉल बाहेर गेला.

"काही नाही, काही नाही!" भिंगरी टाळ्या वाजवत ओरडली. "पुढचा घे!"

पुढचाही तिथेच आला. पुढचाही. मला वाटलं, भिंगरी घाबरलीये, मोठ्या सामन्यात हात जड होतो कुणाचाही. पण ती मलाही पास देत होती, आणि मला आलेला प्रत्येक बॉल लोण्यासारखा होता. मग मी तिचा चेहरा बघायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भिंगरी पास देताना पाहुणीकडे बघत होती. आधी बघायची, मग द्यायची. न बघता ती जिला बरोबर डावीकडे देऊ शकायची, तिला बघून उजवीकडे देत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण करू काय? नियमात कुठे लिहिलंय की पास मऊ द्यावा? पंच शिट्टी वाजवणार ती कशासाठी?

मॅडम वरच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी मामी, चांगल्या कपड्यांत, त्यांना थर्मासमधून काहीतरी ओतून देत होत्या. तिथून काय दिसत असेल ते मला कळत होतं. एका गार्डचे सुंदर पास आणि दुसरीचे खराब हात. डाव्याला पट्टी आहे, पण बॉल सुटतोय धडधाकट उजव्यातून. आणि ती चांगली गार्ड किती मोठ्या मनाची! इतके बॉल सोडले तरी बहिणीलाच देतेय, वर टाळ्या वाजवतेय.

मध्यंतरात पाहुणी भिंगरीजवळ गेली. मी पाणी पीत मागेच होते.

"जरा डावीकडे देतेस का गं?" ती हळूच म्हणाली. विनंती केल्यासारखी, जणू मीठ मागतेय.

"डावीकडे ती काटकुळी उभी असते," भिंगरी म्हणाली. "चोरेल ना. तू पकड की नीट."

उत्तर अगदी बरोबर होतं. हीच भिंगरीची खुबी होती, तिचं उत्तर कधी चुकायचं नाही.

मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, तिची पट्टी सोडा आणि उजव्याला बांधा. निदान बघणाऱ्यांना कळेल तरी."

"आणि समोरच्यांना पत्ता देऊ? वेडी की काय! भिंगरी, दे गं तिलाच दे. मॅडम तिच्यासाठी आल्यात. संधी मिळाली पाहिजे पोरीला." सरांना खरंच तसं वाटत होतं. हा माणूस दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या अर्ध्यात पाहुणीने एकदा कमाल केली. बॉल पकडायच्या भानगडीतच पडली नाही. भिंगरीचा तो सपाट बॉल तिने पट्टीवाल्या डाव्या तळव्याने खाली मारला, त्याच हाताने पळवत रिंगपर्यंत आणला आणि डाव्यानेच आत टाकला. हॉल उठून उभा राहिला. मीही रिंगखाली उड्या मारत होते. वर बघितलं तर मॅडम पुढे सरकून बसल्या होत्या. माझ्या मनात आलं, जमलं, अजून जमेल.

त्यानंतर भिंगरीने तिला बॉल देणं बंद केलं. आता तिची गरजच नव्हती. समोरची सगळी टीम पाहुणीवर धावत होती आणि मधला रस्ता मोकळा होता. भिंगरी त्या रस्त्याने गेली, पुन्हा गेली, आणि अगदी शेवटी, घड्याळ संपता संपता, तिने तो बॉल टाकला ज्यावर आम्ही जिंकलो. सुरेख टाकला. ती खरंच फार चांगली गार्ड होती. तिला हे काही करायची गरज होती का, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि त्यामुळे तिचा राग कमी होत नाही.

बक्षिसं झाली. उत्कृष्ट गार्डचा करंडक भिंगरीला मिळाला. मग मॅडम खाली आल्या, त्यांच्या मागोमाग मामी. पाहुणी उजवा हात टॉवेलात गुंडाळून उभी होती.

"मी खरं तर हिच्यासाठी आले होते," मॅडम सरांना म्हणाल्या. "मागच्या सामन्यात काय हात होते हिचे! आज काय झालं?"

"मोठा सामना, मॅडम. दडपण येतं," सर म्हणाले.

"हाताला काय लागलंय?"

"डावा जरा मुरगळलाय."

"ते दिसतंच आहे. पण बॉल उजव्यातून सुटत होता." बाई हुशार होत्या. त्यांनी सरांकडे रोखून बघितलं. सरांनी छताकडे बघितलं. खोटी पट्टी बांधतो हे मॅडमना सांगायचं म्हणजे सरांची इतक्या वर्षांची सगळी हुशारी चव्हाट्यावर, आणि तीही आत्ताच जिंकलेला करंडक बगलेत असताना.

"उजवं बोट सुजलंय तिचं!" मी म्हणाले. "काल चेपलंय. पट्टी खोटी आहे, मॅडम."

"खांब! बॅगा उचल," सर गरजले.

मामींनी पाहुणीच्या खांद्यावर हात ठेवला. "छे हो मॅडम. घरी तर ठणठणीत होती. मैत्रिणी आहेत ना, एकमेकींसाठी काहीही बोलतात."

मॅडम पाहुणीसमोर जाऊन थोड्या वाकल्या. "तू सांग, बाळा. उजव्या हाताला काही झालंय? मला दाखव हवं तर."

बस, टॉवेल काढायचा होता. तोंडाने ब्रसुद्धा काढायची गरज नव्हती. भिंगरी करंडकाच्या कडेला नखाने खरवडत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उडालेला मी पाहिला.

"नाही मॅडम," पाहुणी म्हणाली. "हात चांगला आहे. मीच आज खराब खेळले."

"नक्की?"

"नक्की."

मॅडम सरळ झाल्या आणि भिंगरीकडे वळून म्हणाल्या, "कधी येतेस आमच्याकडे?"

मी पाहुणीला ओढतच कपडे बदलायच्या खोलीत नेलं. टॉवेल काढला. बोट दोन बोटांएवढं झालं होतं आणि नख काळं पडलं होतं. मी ते नळाखाली धरलं आणि तिला तोंडाला येईल ते बोलले. मूर्ख, नेभळट, सगळं बोलले. म्हटलं, मी तुझ्यासाठी टीममधून जायला तयार झाले आणि तुझ्याच्याने एक टॉवेल सरकवला गेला नाही!

"दाखवलं असतं तर कसं लागलं ते विचारलं असतं," ती म्हणाली.

"मग सांगायचं! दार लागलं म्हणायचं."

"दार भिंगरी लावते. लावायच्या आधी 'हात' म्हणते, मग मी हात काढते. रोज. काल म्हणाली नाही."

नळ वाहत होता. मी तो बंद करायचंही विसरले.

"हे सांगायचं होतं तिथे," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर! तुलाच नेलं असतं त्यांनी."

"नसतं नेलं तर?"

"नेलं असतं गं."

"मोडक्या बोटाची गार्ड कोण नेतं, खांब? दोन महिने हातात बॉल नाही घेता येणार. आणि नसतं नेलं, तर मॅडम त्यांच्या गाडीने गेल्या असत्या आणि मी मामीच्या गाडीने." तिने हात टॉवेलात परत गुंडाळला, व्यवस्थित, घडी घालून. "सगळं सांगून झाल्यावर."

कुणाला पटो न पटो, त्या वेळी मला भिंगरीपेक्षा, मामींपेक्षा, सरांपेक्षा तिचाच जास्त राग आला. तिने सगळा हिशोब बरोबर मांडला होता, आणि त्यात तिची स्वतःची बाजू कुठेच नव्हती.

बाहेर लाँड्रीची गाडी उभी होती. भिंगरी पुढे बसून रडत होती, खरी रडत होती, आणि मामी तिचे डोळे पुसत होत्या. पाहुणीला बघून मामींनी करंडक तिच्यापुढे केला. चांगला जड होता तो, लाकडी बैठकीचा.

"धर गं हा. मागे बसून मांडीवर घे. दोन्ही हातांनी धर, पडायचा नाहीतर."

पाहुणीने टॉवेल खांद्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी करंडक घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. सबंध सामन्यात उघडलं होतं तसं तिचं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"आणि असा चेहरा नको करू," मामी हसून म्हणाल्या. "बहीण निघाली चांगल्या ठिकाणी. आता सकाळचं काम तुझ्या एकटीवर येणार, पण तू काय, घरातच आहेस."

"हो, मामी," पाहुणी म्हणाली आणि गाडीत चढली.